बियाणं घरचं की विकतचं? आधी गुणसूत्रांचे संच विचारा

मे महिना सरत आला की चितेगाव, बिडकीन, ढोरकीन या पैठण रोडच्या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी वाढू लागते. कुणाला कपाशीची बॅग हवी असते, कुणाला नेपियरचे ठोंब कुठे मिळतील ते विचारायचं असतं, कुणी मोसंबीच्या कलमांची चौकशी करतो. प्रश्न बहुधा ठरलेले असतात: उतारा किती, पाणी किती लागेल, रोगाला कसं आहे. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण त्यांच्या आधी विचारायचा एक प्रश्न सहसा राहून जातो. या पिकाच्या पेशीत गुणसूत्रांचे संच किती?

प्रश्न बारावीच्या जीवशास्त्राचा वाटेल, पण त्याच्या उत्तरावर पैशाचे चार निर्णय अवलंबून असतात. घरचं बी राखता येईल का? शेजारच्या रानातल्या पिकाचे पराग येऊन आपलं बी बिघडेल का? बी पेरायचं की कांडी लावायची? फळ धरायला दुसऱ्या जातीची झाडं मध्ये लावावी लागतील का? हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पिकाची जात माहीत असली आणि पुढचा हिशेब एकदा नीट डोक्यात बसला की पुरे.

संच म्हणजे काय

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. ती ४६ सुटी नाहीत. २३ चा एक संच आईकडून आलेला असतो, २३ चा दुसरा वडिलांकडून. दोन संच, म्हणून माणूस द्विगुणित. आपल्या रानातली बरीचशी पिकंही द्विगुणित आहेत. बाजरीची १४ गुणसूत्रं म्हणजे सातांचे दोन संच. ज्वारीत २०, तुरीत २२, हरभऱ्यात १६, कांद्यात १६, सगळीकडे संच दोनच. भुईमुगात मात्र ४० गुणसूत्रं आहेत आणि ते दहादहांचे चार संच आहेत. बटाट्यातही चार संच, एकूण ४८. तीन संच असलेल्याला त्रिगुणित म्हणतात, चार असलेल्याला चतुर्गुणित, सहा असलेल्याला षट्गुणित. मधमाश्यांतल्या नराला एकच संच असतो. तो फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याला बापच नसतो. राणी आणि कामकरी माशीत ३२ गुणसूत्रं, नरात १६.

एकूण आकड्यावरून मात्र कुणाची प्रगती मोजू नका. गाईत आणि शेळीत ६० गुणसूत्रं आहेत, आपल्या म्हशीत ५०, कोंबडीत आणि कुत्र्यात ७८. सह्याद्रीच्या जंगलातल्या भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७, सस्तन प्राण्यांत सगळ्यांत कमी. उलट ऑफिओग्लॉसम नावाच्या एका इवल्याशा नेच्यात बाराशेच्या वर गुणसूत्रं मोजली गेली आहेत. माणसाचा स्वतःचा आकडासुद्धा जगाने कित्येक वर्षं ४८ धरला होता. टिजो आणि लेवान या दोघांनी १९५६ मध्ये तो ४६ असल्याचं दाखवून दिलं. शेतकऱ्याच्या कामाचा आकडा संचांचा आहे. तो सम आहे की विषम, आणि ते संच एकमेकांशी जुळणारे आहेत की नाहीत, एवढंच बघायचं.

कारण असं. पराग आणि बीजांड तयार होताना पेशी आपली गुणसूत्रं निम्मी करते. त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. त्या वेळी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधतं, दोघं शेजारी येतात आणि मग एक इकडे, एक तिकडे जातं. संच दोन असले की प्रत्येकाला जोडीदार मिळतो. चार असले तरी जोड्या नीट लागू शकतात. तीन असले की तिसऱ्याला जोडीदार उरत नाही. मग कुणी कुठेही जातं, एका परागकणात जास्त, दुसऱ्यात कमी. असे पराग आणि बीजांडं बहुतेक वांझ निघतात आणि बी धरत नाही.

संच दोनच असून न जुळल्यावर काय होतं ते पाहायचं तर खेचर पाहा. घोड्यात ६४ गुणसूत्रं, गाढवात ६२. खेचराला एकीकडून ३२ आणि दुसरीकडून ३१ मिळतात, एकूण ६३. ते ताकदीचं असतं, ओझं वाहण्यात घोड्याला हार जात नाही, पण त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. दरवेळी नवं खेचर हवं असेल तर पुन्हा घोडी आणि गाढव एकत्र आणावे लागतात. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे नेपियर गवतात आणि बिनबियांच्या टरबुजात हाच व्यवहार पुन्हा येणार आहे.

कपाशी: २६ आणि ५२

आपल्या भागात या सगळ्याचा सर्वांत मोठा उपयोग कपाशीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कपाशीचा एक संच १३ गुणसूत्रांचा. आपली देशी, म्हणजे गावरान कपाशी द्विगुणित आहे: दोन संच, २६ गुणसूत्रं. अमेरिकन कपाशी चतुर्गुणित आहे: चार संच, ५२ गुणसूत्रं. आज दुकानात मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बीटी बॅगा या ५२ वाल्या कपाशीच्या आहेत. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि ते बियाणं आणणारी महिको कंपनी आपल्या शेजारच्या जालन्याची. त्याच्या कितीतरी आधी मराठवाड्याच्या रानात गावरान कपाशीचं राज्य होतं. स्वातंत्र्याच्या वेळी तर देशातली बहुतांश कपाशी देशीच होती.

५२ चा आकडा आला कुठून, हे जाणून घेण्यासारखं आहे. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, माणूस शेती करायच्या कितीतरी आधी, आपल्या देशी कपाशीच्या नात्यातली एक कपाशी अमेरिका खंडात पोचली. तिथल्या एका रानटी कपाशीशी तिचा संकर झाला आणि त्या संकरात संच दुप्पट झाले. म्हणून अमेरिकन कपाशीच्या पेशीत २६ मोठी गुणसूत्रं दिसतात आणि २६ लहान. मोठी २६ देशीच्या नात्यातली, लहान २६ अमेरिकेच्या रानटी कपाशीच्या नात्यातली. बीस्ली या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४० मध्ये देशी कपाशी आणि अमेरिकेतली एक रानटी कपाशी यांचा संकर करून, त्याचे संच औषधाने दुप्पट करून हे प्रत्यक्ष घडवून दाखवलं. बीटी कपाशीच्या निम्म्या संचांचं नातं असं आपल्या गावरान कपाशीशी जुळतं.

नातं असलं तरी दोघींचं जमत नाही. देशीच्या बीजांडात १३ गुणसूत्रं, अमेरिकनच्या परागात २६. एकत्र आली तर ३९ होतात, म्हणजे तीन संच. असा गर्भ बहुधा बोंडातच मरतो, कारण त्याला पोसणारा दाण्यातला गर नीट वाढत नाही. क्वचित एखादं रोप निघालंच तर झाड उंच, जोमदार वाढतं, फुलतंही, पण बोंड धरत नाही. अशा झाडाची आशा धरू नका, उपटून टाका.

यातून एक फार मोलाची गोष्ट निघते. देशी कपाशीचं बी राखायचं असेल तर शेजारच्या बांधाला बीटी आहे म्हणून घाबरू नका. त्या परागांनी तुमची देशी सरकी बीटी होणार नाही. सेंद्रिय शेती करणारे शेतकरी या भीतीने देशी कपाशीचा विचार सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं. खरा धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, दोन देशी वाण जवळजवळ असले तर मधमाश्या त्यांचा संकर करतात, कारण दोघींची गुणसूत्रं २६ च. दुसरा आणि मोठा धोका जिनिंगमध्ये. गिरणीत आधीच्या मालाची सरकी राहिलेली असते आणि तिथे एका फेरीत तुमच्या वाणाची भेसळ होते. म्हणून बियाण्यापुरता कापूस वेगळा वेचा. पहिल्या-दुसऱ्या वेचणीतला, झाडाच्या मधल्या भागातल्या निरोगी बोंडांचा, चांगला वाळवलेला कापूस घ्या. त्याची सरकी हाताने किंवा हातचरकीवर काढा. पेरणीआधी सरकी शेणकाल्यात चोळून सावलीत सुकवण्याची जुनी रीत आजही कामाची आहे, त्याने तूस बसतं आणि दाणे सुटे होतात.

आता उलट बाजू. तुम्ही अमेरिकन कपाशीचा सरळ वाण, उदाहरणार्थ नांदेडचा एनएच ६१५, बियाण्यासाठी लावला आणि बांधापलीकडे बीटी आहे, तर तिथे मात्र संकर होतो. दोन्हीकडे ५२, जोड्या बिनचूक लागतात. म्हणून असा प्लॉट बीटीपासून लांब घ्या. प्रमाणित बियाण्यासाठी कपाशीत किमान ३० मीटर अंतर धरतात. घरच्या बियाण्यासाठी त्याहून जास्त ठेवलं तर उत्तम, आणि काठावरच्या ओळींचा कापूस बियाण्यात घेऊ नका.

मग बीटी संकरित कपाशीची सरकी का राखू नये? तिचे संच तर सम आहेत, बोंडंही भरपूर लागतात. तिथे अडचण संचांची नाही. संकरित बियाण्याच्या पुढच्या पिढीत गुण फाकतात. एक झाड उंच, एक बुटकं, एकात बीटीचा गुण आहे, एकात नाही. त्यामुळे उत्पन्न बसतं आणि अळीलाही वाव मिळतो. ‘बी रुजत नाही’ आणि ‘बी रुजतं, पण गुण टिकत नाहीत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नका.

रानात उभं राहून देशी आणि अमेरिकन कशी ओळखायची? पान पाहा. देशीच्या पानाच्या खाचा खोल आणि बोटं अरुंद असतात, अमेरिकनचं पान रुंद, खाचा उथळ. फूल पाहा. देशीचं फूल बहुधा पिवळं, आणि पाकळीच्या बुडाशी आत डोकावलं की गडद तांबडा-जांभळा डाग. अमेरिकनचं फूल उमलताना दुधी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, आणि बुडाशी सहसा डाग नसतो. त्याहून पक्की खूण म्हणजे बोंडाला कवटाळणारी ती तीन हिरवी पानं. अमेरिकनमध्ये त्यांच्या कडेला लांबलांब दाते असतात. देशीत दाते मोजकेच आणि आखूड. देशीचं बोंड लहान, टोकदार, अमेरिकनचं मोठं, गोलसर.

पिशवीवरचं नावही पुष्कळ सांगतं. सरकारी संस्थांच्या वाणांत अक्षरं वाचायला शिका. परभणीचे पीए ०८, पीए ४०२, पीए ८१० यांतला ‘पी’ परभणीचा आणि ‘ए’ आर्बोरियमचा, म्हणजे देशी, २६. अकोल्याचे एकेए ७, एकेए ८ यांतही शेवटचा ‘ए’ आर्बोरियमचा. एनएच ६१५ किंवा एनएचएच ४४ यांतला पहिला ‘एच’ हिर्सुटमचा, म्हणजे अमेरिकन, ५२. एनएचएच मधला दुसरा ‘एच’ संकरित असल्याचं सांगतो. खासगी कंपन्यांच्या नावांवरून हे कळत नाही. तिथे दुकानदाराला थेट विचारा: देशी की अमेरिकन? सरळ की संकरित?

देशी कपाशी सगळ्यांनी लावावी, असं माझं म्हणणं नाही. तिचं बोंड लहान, वेचायला मजूर जास्त लागतो आणि फुटलेला कापूस लवकर खाली गळतो. पण ती पाण्याचा ताण सोसते, रसशोषक किडींना सहज बळी पडत नाही आणि सरकी घरची राहते. हलक्या, मुरमाड, कोरडवाहू तुकड्यावर अर्धा-एक एकर लावून पाहण्यासारखी ती निश्चितच आहे. परभणीच्या महेबूब बागेतल्या कापूस संशोधन केंद्राने लांब धाग्याचे देशी वाण काढले आहेत, त्यामुळे ‘देशी म्हणजे आखूड धागा’ हे आता सरसकट खरं नाही. हे केंद्र वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं, आणि विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. दरवर्षी त्या सुमारास परभणीत खरीप मेळावा आणि बियाणे विक्री असते. तिकडे जाणं जमत नसेल तर पैठण रोडवरच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी नाव नोंदवून ठेवा.

तीन संचांची पिकं

गोठ्यासाठी लावतो ते संकरित नेपियर बाजरी आणि हत्तीगवत यांच्या संकरातून आलं आहे. बाजरीत १४ गुणसूत्रं, दोन संच. हत्तीगवतात २८, चार संच. संकरात सात आणि चौदा मिळून २१, तीन संच. राहुरीचे फुले यशवंत आणि फुले जयवंत याच घराण्यातले. बाजरीकडून गोडी आणि लुसलुशीतपणा, हत्तीगवताकडून वर्षानुवर्षं फुटण्याची ताकद, आणि तीन संचांमुळे बी नाही. हा शेवटचा गुण तोटा समजू नका. बी धरण्यात ताकद जात नाही आणि गवत बी सांडून बांधाबांधाला तण होऊन पसरत नाही.

लागवड म्हणून कांड्यांनीच करा. साधारण तीन महिने वयाच्या खोडाचा मधला भाग घ्या, दोन डोळ्यांची कांडी करा, एक डोळा मातीत जाईल अशी ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावा. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या साधारण दीड-दोन महिन्यांच्या अंतराने, आणि दरवेळी जमिनीपासून वीतभर बुडखा ठेवा. आपल्याकडे या गवताचा प्रसार ठोंब आणि कांड्यांनीच होतो. पाकिटात कुणी ‘संकरित नेपियरचं बी’ विकत असेल तर त्यात पैसे घालू नका, कारण या गवताला पेरण्याजोगं बी धरतच नाही.

बिनबियांचं टरबूज हा तीन संचांचाच खेळ, फक्त माणसाने मुद्दाम मांडलेला. साध्या टरबुजात २२ गुणसूत्रं. औषधाने संच दुप्पट करून ४४ वालं टरबूज तयार करतात, त्याला मादी धरतात, साध्या टरबुजाचे पराग देतात आणि ३३ वालं बी मिळवतात. जपानच्या किहारा यांनी गेल्या शतकाच्या मध्यात हे साधलं. ते ३३ वालं बी तुम्ही पेरता आणि त्या वेलाच्या फळात बी धरत नाही, फक्त पांढरी कोवळी टरफलं दिसतात. खेचरासारखंच इथेही बी दरवर्षी नव्याने संकर करून बनवावं लागतं, म्हणून ते महाग असतं. फळातून बी राखण्याचा प्रश्नच येत नाही.

हे टरबूज लावणाऱ्याने तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. हे बी जाड कवचाचं आणि नाजूक गर्भाचं असतं, थंडीत थेट रानात टोकलं तर उगवण मार खाते. ट्रेमध्ये, उबदार जागी, पाणी बेताने देऊन रोपं करा. दुसरं म्हणजे या वेलाचे स्वतःचे पराग निकामी असतात, पण फळ फुगायला परागांची चेतना लागतेच. म्हणून दर दोन किंवा तीन ओळींमागे साध्या, बियांच्या टरबुजाची एक ओळ हवी, आणि तिची साल वेगळ्या रंगाची किंवा पट्ट्यांची निवडा, म्हणजे तोडणीत माल मिसळणार नाही. ही ओळ वाचवायला जाऊन अख्खा प्लॉट रिकामा राहतो. तिसरं म्हणजे मधमाश्या. टरबुजाचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. एकरी एक-दोन पेट्या ठेवा आणि फुलोऱ्यात सकाळची फवारणी पूर्ण बंद ठेवा.

पेटी ठेवलीच आहे तर मधमाश्यांच्या संचांचाही उपयोग करून घ्या. पोळ्यात कामकरी पिलावा दिसेनासा झाला, झाकण फुगीर असलेली नरांची घरं इकडेतिकडे विखुरलेली दिसली आणि एका घरात दोन-तीन अंडी दिसली, तर समजा की राणी गेली आहे आणि कामकरी माश्या फलन न झालेली, एका संचाची अंडी घालत आहेत. त्यातून नरच निघणार. अशी पेटी आपोआप सावरत नाही. ती दुसऱ्या पेटीत मिसळा किंवा पेटी देणाऱ्याला लगेच बोलवा.

केळी आणि हळद यांचं थोडक्यात सांगतो. ग्रँड नैन केळीत ३३ गुणसूत्रं, अकराचे तीन संच. हळदीत ६३, एकवीसचे तीन संच. म्हणून केळीचे मुनवे किंवा ऊतिसंवर्धित रोपं आणि हळदीचे गड्डे. इथे सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल असतात, तेव्हा एकाला लागणारा रोग सगळ्यांना सारखाच लागतो. बियाण्याचे गड्डे कंदकुज झालेल्या रानातून स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. उसाच्या पेशीत तर शंभराच्या वर गुणसूत्रं आहेत, गोड ऊस आणि रानटी ऊस यांच्या कित्येक संचांची सरमिसळ. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात हा गुंता सोडवणाऱ्यांत जानकी अम्मल होत्या. लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा त्यांनी डार्लिंग्टन यांच्यासोबत लिहिलेला कोश १९४५ मध्ये निघाला. उसाला तुरा येतो, बीही धरतं, पण प्रत्येक बी वेगळं निघतं. शेतकऱ्याने टिपरीवरच राहावं.

बी दिसत नाही म्हणजे तीन संचच, असं मात्र समजू नका. थॉम्पसन द्राक्षात दोनच संच आहेत, ३८ गुणसूत्रं. तिथे फलन होतं आणि बी कोवळेपणीच वाढायचं थांबतं. खुलताबाद, कन्नडकडच्या आल्यातही दोनच संच, २२ गुणसूत्रं, तरी बी सहसा धरत नाही. याउलट ‘अलाहाबाद सीडलेस’ हा बिनबियांचा पेरू तीन संचांचा आहे आणि त्याची फळं वेडीवाकडी, उत्पन्न कमी. नुसत्या ‘बिनबियांचा’ या शब्दावर पेरूची बाग उभी करू नका.

गहू आणि मोसंबी

गव्हाचा एक संच सात गुणसूत्रांचा. खपली आणि बन्सी गव्हात चार संच, २८. आपण चपातीला वापरतो तो लोकवन किंवा त्र्यंबक सहा संचांचा, ४२. हे जास्तीचे दोन संच एका रानगवताकडून आले आणि कणकेला ताण आला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. बन्सी शेवया, रव्याला, खपली खिरीला, आणि मऊ चपातीला ४२ वाला, ही घरोघरची वाटणी संचांशी अशी जुळलेली आहे. निफाडच्या वाणांत एनआयडीडब्ल्यू मधला ‘डी’ ड्युरमचा, म्हणजे बन्सी, आणि एनआयएडब्ल्यू मधला ‘ए’ चपातीच्या गव्हाचा. हे सूत्र एचडी २१८९ ला लावू नका, तिथला ‘डी’ दिल्लीचा आहे आणि तो गहू चपातीचा आहे. गहू स्वतःच्या परागांनी फळतो, तेव्हा बी राखायला सोपा. भेसळ होते ती मळणी यंत्रात.

मोसंबीत नऊचे दोन संच, १८ गुणसूत्रं. तिची कलमं बांधतात ती रंगपूर लिंबाच्या खुंटावर, आणि या लिंबाच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपं निघतात. त्यातली बहुतेक फलनातून आलेली नसतात. ती आईच्याच पेशींतून उगवलेली, हुबेहूब आईसारखी असतात. खुंट एकसारखा हवा असतो, म्हणून रोपवाटिकेत एका उंचीची, एका तोंडवळ्याची रोपं ठेवायची आणि फार खुरटी किंवा फारच वेगळी दिसणारी काढून टाकायची. कधीकधी एखाद्या रोपाचे संच आपोआप दुप्पट झालेले असतात. पान जाड, रुंद, गडद, आणि वाढ रखडलेली. तेही काढा. कलमं घ्यायला जाल तेव्हा कलम बांधण्याआधीच्या रोपांच्या वाफ्यावर नजर टाका. तो वाफा एकसारखा दिसला तर रोपवाटिकावाल्याने निवड केली आहे.

संच दुप्पट करण्याचा मोह

संच दुप्पट करणारं औषध म्हणजे कोल्चिसीन. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांना ओढणारे धागे ते तयार होऊ देत नाही, म्हणून दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात. १९३७ पासून ते पिकांच्या पैदाशीत वापरात आहे. आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात आणि बियांत ते असतं. हे वाचून कुणी कंद ठेचून प्रयोग करायला जाऊ नये. कळलावी जीवघेणी विषारी आहे, थोडी पोटात गेली तरी प्राण जाऊ शकतो. शाळेतही हा प्रयोग करू नका.

मुलांना संच दाखवायचेच असतील तर कांदा घ्या. जुनी मुळं खरडून कांदा पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर ठेवा, दोन-चार दिवसांत पांढरी मुळं येतात. सकाळी टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापून एक भाग अॅसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात दिवसभर ठेवायचे, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून मऊ करायचे, अॅसिटोकारमाइनने रंगवायचे आणि काचपट्टीवर अंगठ्याने सरळ दाबायचे. आम्लाचं काम शिक्षकांनीच करावं. टोकाच्याच पेशी विभागत असतात, वरचा भाग घेतला तर काहीच दिसत नाही. ज्या पेशीत गुणसूत्रं सुटी पसरलेली असतील तीच मोजा. सोळा भरतील.

प्रयोगशाळा नसेल तर नेलपॉलिशची युक्ती करा. पानाच्या खालच्या बाजूला पातळ थर द्या, वाळू द्या, चिकटपट्टीने अलगद उचला आणि काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पर्णरंध्रांचे ठसे उमटलेले दिसतात. एकाच पिकात संच वाढले की ही रंध्रं आकाराने मोठी होतात आणि तेवढ्याच जागेत कमी भरतात. रंगपूर लिंबाच्या वाफ्यातल्या त्या जाड पानाच्या रोपाचा आणि शेजारच्या साध्या रोपाचा ठसा शेजारी शेजारी ठेवा. सारख्या वयाची, सारख्या उन्हातली पानं घ्या आणि प्रत्येकी दहा-बारा रंध्रं मोजा. कपाशी आणि टरबूज अशी दोन वेगळी पिकं मात्र या पद्धतीने एकमेकांशी ताडू नका, कारण प्रत्येक पिकाच्या रंध्राचं माप मुळातच वेगळं असतं.